नमनाचा शेवटचा सूर

“औषध संपलं, आजार आहे तिथेच आहे,” असं म्हणत उस्तादांनी खिशातलं प्लॅस्टिकचं छोटं यंत्र डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. घरून निघताना ते आपटायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्याच्या टेबलावर वस्तू आपटण्याचा हात त्यांच्याकडे नव्हता.

बाईंनी छातीला नळी लावली. “घ्या श्वास. सोडा.” सोडताना आत शिट्ट्या वाजल्या. बाजूच्या स्टुलावर बसलेल्या बायकोलाही त्या ऐकू आल्या.

“सिगारेट?”

“तुम्ही सांगितलं त्या दिवसापासून बंद. विचारा हिला.”

“नाही ओढत,” बायको म्हणाली. “त्याच्या बदल्यात दिवसभर माझ्यावर धूर काढतात.”

“कॅप्सूल रोज दोन्ही वेळा?”

“एक चुकवली नाही. रिकामी टरफलं आणून दाखवू का?” उस्तादांचा आवाज चढला आणि लगेच खोकल्यात बुडाला. खोकला आटोपल्यावर ते म्हणाले, “मला एखादं जोरदार इंजेक्शन द्या. अँटिबायोटिक द्या. आमच्या शेजारचा शिंपी असाच खोकत होता. आठवड्यात शिवायला बसला.”

“त्याची सर्दी छातीत उतरली असेल. ती आपसूक बरी होते, खोकला तेवढा काही आठवडे रेंगाळतो. तुमचं तसं नाही. ही दुसरी थंडी, आणि महिनेच्या महिने तुम्ही कफ काढताय. श्वासनळ्यांचं आतलं अस्तर सुजून बसलंय. तिथे जंतू मारून काय होणार? ताप आला, कफाचा रंग बदलला, तर देईन की. पण सूज उतरवणारं औषध हेच.” बाईंनी यंत्राकडे बोट दाखवलं. “मागे सांगितलं होतं ना, तुमच्या ट्रम्पेटसारखं समजा. नळीत पाणी साचलं की सूर घोगरा होतो. तसंच हे.”

“ते कळलंय मला.”

“यंत्र नीट घेता ना?”

“बाई, तोंडाला लावायची वस्तू तुम्ही मला शिकवता?”

बाई हसल्या. बाहेर रांगेतलं एक मूल मघापासून रडत होतं. त्यांनी औषधाची ताकद वाढवून दिली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

उस्ताद ही पदवी त्यांना बॅण्डने दिली होती, आणि ती एका सुरावर दिली होती. काम लग्नाचं असो, दुकानाच्या उद्घाटनाचं असो, बॅण्ड आधी देवाला नमन वाजवायचा. बाकीचे सगळे गप्प, ट्रम्पेट एकटी. संथ चाल, आणि शेवटच्या ओळीचा शेवटचा सूर एका श्वासात इतका लांब, की रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून पाय खाली टेकायचा. मग ढोलावर थाप पडायची आणि धांगडधिंग्याला सुरुवात व्हायची. लोक धांगडधिंग्याचे पैसे देत. उस्ताद मात्र नमनासाठी लाल कोट चढवत. देवाने दिलेली हवा सकाळी आधी त्याच्या पायाशी घालायची, मग उरलेली पोटासाठी वापरायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आणि खोकला नेमका तिथेच यायचा. उडत्या गाण्यांत दर चार शब्दांनी श्वास मिळतो, तिथे निभावून जायचं. नमनात मिळत नाही. “तुझंच नाव घेताना गळा धरतोस,” ते देवाला म्हणत. “बाकी वेळी सोडतोस. ही कुठली रीत?”

संध्याकाळी ते आरशासमोर उभे राहून औषध घेत होते, तेवढ्यात बायको फडकं घेऊन आली.

“परत आरशावर पावडर. या वयात पावडर लावून जाता तरी कुठे?”

“मी कुठली पावडर लावतो? चुना पडत असेल छताचा.”

“छताचा चुना आडवा उडतो वाटतं.”

“अगं, मला औषध तरी सुखाने घेऊ देशील का?” ते खेकसले. ती आरसा पुसून गेली. जाताना गरम पाण्याचा तांब्या मात्र त्यांच्या हाताशी ठेवून गेली.

तालीम सायकल दुकानामागच्या गोदामात असे. त्या दिवशी नमन तिसऱ्या ओळीतच तुटलं. उस्तादांनी परत सुरुवात केली, परत तुटलं. सगळे आपापली वाद्यं पुसायला लागले, आणि त्यानेच त्यांचं डोकं जास्त फिरलं.

“उस्ताद,” मास्तर म्हणाले. बॅण्ड त्यांचा, कामं तेच आणत. “हंगामाचं पहिलं काम महिन्यावर आलंय. तोवर छाती सुधारली तर नमन तुमचं. नाहीतर क्लॅरिनेट वाजवील.”

क्लॅरिनेटवाल्याने मान खाली घातली. तो उस्तादांपेक्षा पुष्कळ लहान होता, आणि त्यांच्या हाताखालीच सूर धरायला शिकला होता.

“मी काय हयगय करतोय?” उस्तादांनी खिशातून यंत्र काढलं. “सगळ्यांसमोर घेतो. बघा.” त्यांनी कॅप्सूल आत बसवली, यंत्र पिळलं, ओठ आवळून तोंडाला लावलं, गाल फुगवले आणि ट्रम्पेटला द्यावी तशी सणसणीत फुंक मारली. पांढरा धुरळा उडाला आणि शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याच्या बाहीवर बसला.

“उस्ताद, हे काय केलंत?”

“औषध घेतलं.”

“घेतलं कुठे? माझ्या कोटाला दिलंत.” त्याने बाही झटकली. “ते आत ओढायचं असतं. माझी आई घेते रोज.”

“अरे, आत कसं ओढायचं? नळीत साचलंय, ते बाहेर काढायचंय.” उस्तादांनी ट्रम्पेट उचलली, नळीखालची पाण्याची कळ दाबली आणि हलकेच फुंकलं. फरशीवर दोन थेंब पडले. “हे असं. डॉक्टरबाईच म्हणाल्या, ट्रम्पेटसारखं समजा.”

आधी ढोलवाला हसला, मग सगळेच. उस्ताद हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर घरचा आरसा आला.

“म्हणजे इतके दिवस आरशाला औषध पाजत होतात,” रात्री जेवताना बायको म्हणाली. “एव्हाना त्याचा खोकला बरा झाला असेल.” पण त्यांचा चेहरा बघून ती थांबली. तिने यंत्र धुऊन, कोरडं करून त्यांच्या हातात दिलं. “उद्यापासून माझ्यासमोर घ्यायचं. आणि आत.”

ते त्यांना जमेना. ओठांना काही लागलं की छाती आपोआप बाहेर ढकलायची. आयुष्यभर तिला तेवढंच शिकवलं होतं. चिडून त्यांनी यंत्र दोनदा कोनाड्यात ठेवून दिलं, आणि दोन्ही वेळा तिने ते परत काढून आणलं. शेवटी दोघं परत दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी समोर बसवून घटवून घेतलं: आधी श्वास सगळा सोडा, मग यंत्र तोंडाला, जोराने आणि खोल ओढा, मग यंत्र बाजूला करून आतल्या आत धरून ठेवा, जमेल तितका वेळ. नंतर चूळ भरा.

“उपमा माझीच आडवी आली,” बाई म्हणाल्या. “आणि करून दाखवा म्हणायला हवं होतं मी. चुकलंच माझं.”

महिना सरत आला तशा शिट्ट्या विरळ झाल्या. जिन्यात थांबावं लागेना. उस्तादांनी डॉक्टरबाईंकडून परत छातीला नळी लावून घेतली आणि थेट विचारलं, “पहिल्यासारखा होईन ना?”

“सूज उतरतेय. आणखीही उतरेल. पण इतक्या वर्षांच्या धुराने जे अस्तर जाड झालंय, ते पहिल्यासारखं होईल असं मी खोटं सांगणार नाही.”

शेवटच्या तालमीला नमन तुटलं नाही. फक्त शेवटचा सूर अर्ध्यात संपला.

“मध्ये श्वास चोरा की,” मास्तर म्हणाले. “कोणाला कळतंय?”

“ज्याचं नाव घेतो त्याला कळेल.”

ते क्लॅरिनेटवाल्याजवळ जाऊन बसले. “शेवटच्या ओळीला श्वास घेत बसू नकोस. तिच्या आधीच्या ओळीत घे, भरपूर. आणि जोर लावू नकोस. सूर आपला आपण जातो, त्याला नुसतं सोडायचं.”

“उस्ताद, मी नाही वाजवणार. तुमचं आहे ते.”

“माझं असतं तर दिलं नसतं,” ते जरा तुसडेपणानेच म्हणाले. “कोट धुऊन घे तो. पांढरा डाग आहे अजून.”

पहिल्या कामाला लोक नेहमीसारखे घाईत होते. उस्तादांनी नमन सुरू केलं. संथ, स्वच्छ. शेवटच्या ओळीच्या तोंडाशी ट्रम्पेट ओठांपासून खाली आली आणि तिच्याच उंचीवर क्लॅरिनेटने सूर उचलला.

उस्तादांनी डोळे मिटले. खोल श्वास आत ओढला आणि धरून ठेवला. सूर चालला होता, रस्त्यावरून, माणसांच्या डोक्यांवरून. त्यांच्या कपाळावर घाम आला. ढोलवाला हात उचलून त्यांच्याकडे बघत होता.

सूर संपला. मग उस्तादांनी, अजिबात न खोकता, हळूच श्वास सोडला.