चार दिवसांचं पाणी

घराच्या मालकांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या दराचा कागद समोर सरकवला आणि मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाथरूम तेच, फरशी तीच आणि दर जवळजवळ निम्मा! खाली सही मिस्त्रींच्याच सख्ख्या धाकट्या भावाची. ज्याला हातात थापी धरायला शिकवली, तोच हा शहाणा.

"तुमचाच भाऊ ना? त्याला परवडतं, मग तुम्हाला का नाही?" मालकांनी विचारलं.

दोन महिने हाताला काम नव्हतं. निघताना बायकोनं बजावलं होतं, "आज तत्त्वं घरी ठेवून जा, काम घेऊनच या." मिस्त्रींनी राग गिळला.

"साहेब, वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी मी बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवतो. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारतो. चार दिवसांत पाणी बोटभर जरी खाली गेलं, तरी सगळं उखडून पुन्हा करतो. तेवढे दिवस माझी माणसं बसून असतात. त्यांची मजुरी दरात धरलीय."

"म्हणजे नुसतं पाणी बघत बसायचे पैसे!" मालक खो-खो हसले.

ते हसणं मिस्त्रींना झोंबलं. उद्या गळायला लागलं की हाच माणूस झाडून सगळ्या गवंड्यांना चोर ठरवणार, आणि आज चोख कामाची टिंगल करतोय!

"लावा त्याला फोन," ते कडाडले. "विचारा, त्याच्या स्वतःच्या घरचं बाथरूम कुणी केलं?"

मालकांनी गंमत म्हणून स्पीकरवर लावला. तोच प्रश्न त्यांनी धाकट्याला विचारला.

"दादानं," धाकटा पुटपुटला.

"तुम्ही स्वतः का नाही केलंत?"

"खालच्या खोलीत आई झोपते, साहेब."

"आपल्या आईच्या डोक्यावर थेंब नको, आणि लोकांच्या आयांच्या डोक्यावर चालतो होय रे?" मिस्त्री फोनवर ओरडले. पलीकडून फोन कट झाला.

मालकांनी घसा खाकरला. "बरं, काम तुम्हीच करा. दर मात्र त्याचा लावा."

मिस्त्रींनी टेप गुंडाळून पिशवीत टाकली. "दर कमी होईल साहेब, पण मग रेघ मारणार नाही. आणि रेघ नसेल तर मीही नाही."

चपला घालून ते जिना उतरू लागले. बायकोला काय सांगायचं, हे काही सुचत नव्हतं. वळणावर पोचले तोच वरून हाक आली.

"अहो मिस्त्री, थांबा जरा! तुमच्याच दरानं करा. आमच्या खाली... आमची लेक राहते."

"हे मघाशी हसताना नाही आठवलं?" मिस्त्री म्हणाले, आणि मापं घ्यायला वर येऊन त्यांनी पुन्हा चपला काढल्या.