सध्याचा वापर

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत. "बटण नसलेला," अशी बाबांची पुस्ती. पण दोन वर्षांपूर्वी आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, चाळीस मुलांना गाणं शिकवणाऱ्या बाईचा आवाज नुसत्या कुजबुजीवर आला, आणि रेडिओला एकदम भाव आला. आईने दोन शब्द पुटपुटावेत, हिने त्यांची बारा वाक्यं करून जगाला ऐकवावीत. फोनवर, दुकानात, गाण्याच्या वर्गातसुद्धा. "आई म्हणतेय, दुसऱ्या रांगेने तोंड उघडायची तसदी घ्यावी!" आई एवढं काही म्हणालेली नसे. पण मुलं हसत आणि तोंडं उघडत, म्हणून खपून जाई.

तर त्या सकाळी परवाना कार्यालयात आईला चिकटून तीच बसली होती, बोलायचे मुद्दे लिहिलेल्या रंगीत कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. गावातल्या सभागृहाचं छत गळून ते बंद पडलेलं, तेव्हा घरामागच्या मोकळ्या जमिनीवर एका दुपारी मुलांचं गाणं करायचं ठरलं होतं. ऑपरेशननंतरचं पहिलंच. आणि ते आत्ताच व्हायला हवं होतं. मोठ्या वर्गातल्या नऊ मुली दोन आठवड्यांत शिकायला बाहेर निघायच्या होत्या, आणि आईने आवाज असताना घडवलेल्या त्याच शेवटच्या. गाण्याला अकरा दिवस उरले होते. शेतजमिनीवर माणसं जमवायला परवाना लागतो, आणि शेजाऱ्यांनी तीन हरकती घेतल्या होत्या.

पहिली हरकत निवृत्त हेडमास्तरांची. "माझी दुपारची झोप."

"सर, तुम्ही वर्गात डुलक्या काढायचात तेव्हा आम्ही सगळे कोकलत असायचो. तेव्हा कधी मोडली नाही ती!"

बाकांवर खसखस पिकली. हेडमास्तरांनी डोळे वटारले, पण ओठ दगा देत होते. "आणि पहिल्या रांगेत तुमची नात आहे, सर," तिने हळूच दुसरं कार्ड काढलं. हरकत मागे.

दुसरी दूधवाल्या काकांची. गाड्या गल्लीत लागल्या तर संध्याकाळचं दूध डेअरीत कसं पोचणार? गाड्या शाळेच्या मैदानावर, तिथून सगळे चालत येणार, हा बघा नकाशा.

"आणि तरी कुणी लावलीच तर?"

"तर तुमच्या गाई त्याच्या गाडीला बांधा, काका."

काका मांडीवर थाप मारून हसले. ती फुगली होती नुसती. आईने तिची बाही ओढली, काहीतरी पुटपुटली. "हो हो, कळलं," ती म्हणाली आणि पुढचं कार्ड वर घेतलं.

तिसरी हरकत मधवाल्या मावशींची. त्यांचं घर कुंपणापलीकडे, मधमाश्यांच्या चौदा पेट्या कुंपणाला लागून. कागदावर एकच ओळ होती. अधिकारी मॅडमनी ती वाचली, "जमीन पडीक नाही."

"म्हणजे?" रेडिओला खरंच कळेना. "मावशी, तिथे गवत आणि काटे सोडून आहे काय?"

दोघं-तिघं पुन्हा हसले. मावशी नाही हसल्या. उभ्या राहून त्या तिच्याशी नाही, आईशी बोलल्या.

"ते गवत आत्ता फुलावर आहे. खुर्च्यांसाठी परवा ते कापणार, असं अर्जात लिहिलंय. माझ्या माश्या वर्षभर खातात ते या फुलाच्या तीन आठवड्यांत गोळा करतात. वीस वर्षं झाली. तूच म्हणाली होतीस, तिथे नांगर घालणार नाही, तुझ्या माश्यांना राहू दे. मी कागद मागितला नाही. तुझा शब्द होता." त्यांनी अर्जाकडे बोट केलं. "पडीक म्हणे."

ऑपरेशननंतर तीन महिने रोज सकाळी कुंपणावर एक वाटी ठेवलेली असायची. आईच्या गळ्यासाठी मध. वाटी घरात आणायचं काम रेडिओचं, आणि येता येता बोट बुडवून चाटायचं कामही तिचंच.

मॅडमनी अर्ज फिरवून पुढे सरकवला. 'जमिनीचा सध्याचा वापर' या रकान्यात तिच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: पडीक. त्या दिवशी स्वयंपाकघरात ती अर्ज भरत होती, आई भाजी निवडत होती, आणि याच रकान्याशी आई काहीतरी पुटपुटली होती. "हो हो, कळलं," असं म्हणून तिने लिहून टाकलं होतं. आईने विश्वासाने सही केली होती.

"हे बरोबर आहे का?" मॅडमनी विचारलं. "बरोबर असेल तर हरकत फेटाळून मी आज परवाना देऊ शकते. चूक असेल तर नवा अर्ज, तीस दिवस."

तीस दिवस. तोवर नऊ मुली गेलेल्या. आई तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "खोड ते."

दुसऱ्या कुणालाही ऐकू गेलं नाही. जे ऐकू जाईल ते तिच्याच तोंडून जाणार होतं. दोन शब्दांची बारा वाक्यं करायची सवयच होती तिला. एखादं वाक्य सहज फिरवता आलं असतं. मॅडम थांबल्या होत्या. मावशी खालीच बघत होत्या. आईचे डोळे मात्र भरून आले होते, आणि ते मावशींकडे लागले होते.

तिने पेन मागितलं. 'पडीक' खोडलं, वर लिहिलं: मधमाश्यांचा चारा.

"आई म्हणतेय, खोड," ती म्हणाली. एवढंच.

बाहेर पायऱ्यांवर मावशी पुढे निघून गेल्या. आभार नाहीत, काही नाही. हेडमास्तर तिच्या खांद्यावर हात ठेवू की नको करत राहिले. नऊ मुलींना आता कुणी सांगायचं, हे अर्थातच ठरलेलं होतं. रंगीत कार्डं तिच्या घामेजल्या हातात मऊ पडली होती.

रस्त्यावर एक ट्रक धडधडत गेला, आणि त्याच वेळी आई काहीतरी बोलली.

"हो हो," तिच्या तोंडाशी आलंच होतं. ते तिने गिळलं, ट्रक जाऊ दिला, आणि कान आईच्या तोंडाजवळ नेला.

"पुन्हा सांग. नाही कळलं."