दाजींसाठी सुकं लाकूड

वखारवाला गिऱ्हाइकाला कधी फसवायचा नाही. फसवायचा तो फक्त एका माणसाला, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला. दाजी पेशाने न्हावी. दर थंडीला त्यांच्या भिंतीतल्या शेकोटीसाठी वखारीतूनच लाकूड जायचं, आणि त्या गाडीत सुक्या लाकडांच्या पोटात एक ओलंकच्च लाकूड लपवलेलं असायचंच. मग ऐन पाहुण्यांसमोर ते शेकोटीत पडायचं, टोकातून फेस गाळत फुसफुसायचं आणि घरभर धूर. पाहुणे डोळे चोळत अंगणात, आणि दाजी वखारीत निरोप धाडायचे, "साल्याला म्हणावं, ये आता दाढीला!"

साला जायचाच. दाजी गप्पांत गुंतवून मुद्दाम त्याचा एक कल्ला बोटभर आखूड करून पाठवायचे. मग हा पठ्ठ्या गावभर तेच तोंड मिरवायचा. "आमच्या दाजींची कलाकारी आहे, हसू नका!"

यंदा मात्र ताईच वखारीत आली. करवतीचा आवाज थांबेपर्यंत थांबली.

"डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेलीत. हा हिवाळा निघणं कठीण आहे."

वखारवाल्याच्या जिभेवर एक टोमणा तयार होता. तो तसाच गिळला.

"दाजींना माहितीय?"

"नाही. खोकला आहे, जाईल, एवढंच सांगितलंय. कळलं तर हाय खातील रे. तुझं तोंड म्हणजे फाटकं पोतं, म्हणून बजावतेय. आणि धूर नको, एवढासासुद्धा. तुझे चाळे यंदा बंद."

"बंद म्हणजे बंद, ताई."

ती गेल्यावर त्याने अख्खी वखार उपसली. डिंकाळ लाकूड बाजूला काढलं, ते तडतडतं आणि ठिणग्या उडवतं. रंग लावलेल्या जुन्या फळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या छपराखाली बाभळीचा जुना ढीग होता, त्यातलं एकेक लाकूड उचललं. टोकाला भेगा आहेत का? साल हाताने निघते का? हातात हलकं लागतं का? मग दोन लाकडं एकमेकांवर ठोकून ऐकायचं. टणक वाजलं तर गाडीत, थप्प वाजलं तर परत. कामाला असलेला गडी म्हणाला, "शेठ, लाकडं निवडताय की मुलगी बघताय?" एरवी वखारवाल्याने त्याला दिवसभर पुरेल असं उत्तर दिलं असतं. आज तो नुसता ठोकत राहिला.

दुपारी त्याने स्वतः शेकोटी पेटवली. दाजी शाल गुंडाळून खुर्चीत बसले होते, गालांची हाडं वर आलेली. जाळ असा लागला की चित्रात काढावा. धूर सगळा धुरांड्यातून वर. खोली ऊबदार झाली. ताई समाधानाने स्वयंपाकघरात गेली.

दाजी जाळाकडे बघत होते. मग काठीने शेजारचा ढीग उसकटायला लागले.

"काय शोधताय, दाजी?"

"ओलं कुठाय?"

"कसलं ओलं?"

"वेड पांघरू नकोस. माझं."

वखारवाला हसायला गेला. "अहो, ते होय! वखारीतच राहिलं. वय झालं माझं. आत्ता आणतो!"

धावतच गेला. छपराखाली एकही धड ओलं लाकूड सापडेना, तेव्हा दारात सकाळीच उतरवलेल्या ताज्या ओंडक्याचा तुकडा पाडला आणि घाम पुसत परत आला. "हे घ्या! उगाच आरडाओरडा."

दाजींनी ते मांडीवर घेतलं. कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला ओला भुसा चिकटला.

"आत्ताच कापलंस."

वखारवाला शेकोटीतली लाकडं उगाच सारखी करू लागला.

"इतकी वर्षं तू माझ्याशी एकदाही चांगला वागला नाहीस," दाजी हळूच म्हणाले. "आज असं निवडून निवडून आणलंस, तेव्हाच समजलो. हे सुकायला किती लागेल?"

"दोन उन्हाळे."

"मग भिंतीशी उभं करून ठेव. तुझ्या ताईला शेकायला होईल." मग दाराकडे बघून आवाज आणखी बारीक केला. "मला कळलंय हे तिला सांगू नकोस. हाय खाईल ती."

तेवढ्यात ताई बाहेर आली. "काय कुजबुज चाललीय?"

"तुझ्या भावाने यंदाही ओलं घातलंय, बघ!"

ताईने भावाच्या पाठीत असा रट्टा घातला की तो कळवळला. "मेल्या, लाज आहे का? त्यांना धूर चालत नाही, सांगितलं होतं ना!" तो मान खाली घालून उभा राहिला. हे ओरडणं किती वेळ चाललं तरी त्याची ना नव्हती.

"पुरे गं," दाजी म्हणाले. "माझी पेटी आण. याचा हिशोब चुकता करतो."

वखारवाला त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवरच बसला. वस्तरा गालाला लागायच्या आधी दाजी श्वास धरायचे, मग खोकायचे, मग पुन्हा धरायचे. फार वेळ लागला. ताई शेजारी आरसा धरून हसण्याच्या तयारीत उभी होती.

वखारवाल्याने आरशात पाहिलं. दोन्ही कल्ले अगदी सारखे होते.

"आखूड केलात की हो, दाजी," तो मोठ्याने म्हणाला आणि उजव्या कल्ल्यावर तळहात दाबून धरला.