मेणानं बुजलेलं नाक

मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बोलतोय. हसा खुशाल. जुन्या गाडीत इंजिनाला मान, हॉर्नला मान, झाकणाला कोण विचारतं?

माझ्या मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे. तेच माझं नाक. पेट्रोल जसं कमी होतं, तशी तेवढी हवा मी टाकीत घेतो. हवा आत गेली नाही तर पेट्रोल इंजिनाकडे जात नाही. इतकं साधं आहे.

मालकांना गाडी पुसायचं भारी वेड. सुट्टीच्या दिवशी बायकोशी चार शब्द बोलायला फुरसत नाही, पण गाडीला मेणाचं पॉलिश चोळायला अख्खी सकाळ. अशाच एका सकाळी त्यांनी ते मेण बोटानं माझ्या नाकात दाबून बसवलं आणि वर म्हणाले, "आता कसं चकाचक!"

बाईंचे, म्हणजे मालकांच्या बायकोचे, वडील तासाभराच्या रस्त्यावर एकटेच राहतात. डोळ्यांनी फारसं दिसत नाही. बाई आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन जायच्या, त्यांची नखं कापायच्या, पेपर वाचून दाखवायच्या. आता अर्ध्या वाटेत गाडी गचके खाऊन बंद पडू लागली. थोडा वेळ उभी राहिली, इकडून तिकडून हवा झिरपली, की पुन्हा चालू.

मालक चालवत तेव्हा मात्र काहीच नाही. पेट्रोलचा काटा बिघडलेला, म्हणून निघताना ते मला उघडून टाकीत काडी बुडवून बघत. तेवढ्यात टाकीत हवा भरून जाई. जवळच्या ऑफिसापर्यंत ती पुरे.

गॅरेजच्या मिस्त्रींनीही पेट्रोल घालून चौकापर्यंत चक्कर मारली. "साहेब, एकदम झक्कास आहे!" दुसऱ्या खेपेला त्यांनी पंप बदलला, मग कॉइल. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"अहो, खरंच बंद पडते," बाई सांगायच्या.

"माझ्या हातात बरी बंद पडत नाही? नाचता येईना, अंगण वाकडं!"

एकदा भर रस्त्यात गाडी थांबली. मागचे हॉर्न वाजवत शिव्या देत होते. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून रडल्या. घरी येऊन त्यांनी किल्ली खिळ्याला लावली, ती परत काढलीच नाही.

पुढे मालक एकटेच लांबच्या कामाला निघाले. अर्ध्या वाटेत गाडी बंद! पेट्रोल बघायला त्यांनी मला फिरवलं आणि मी सुस्सकन हवा ओढली. गाडी लगेच चालू झाली. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. मग टाचणीनं ते मेण कोरून काढलं.

वाटलं, आज घरी खरं बोलतील.

"कशी चालली गाडी?" बाईंनी दारातच विचारलं.

"लोण्यासारखी. तू सोडल्यापासून एकदाही कुरकुर नाही."

"माझंच चुकत असेल," बाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. मालक बूट काढत राहिले. मला इतकी चीड कधी आली नव्हती.

काल वडिलांचा फोन होता. "कधी येतेस गं?"

"बाबा, मला नाही जमत ती गाडी."

बाई, माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही, पण ऐकाच. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. किल्ली घ्या आणि बाबांकडे जा.