दुसऱ्याची गाडी

भोंग्यानं वायपरच्या पात्यांखाली अडकलेली वाळकी पानं बोटांनी उपसून काढली आणि ओल्या फडक्यानं काच पुसायला घेतली. ट्रक उन्हाळ्यापासून अंगणात उभा होता. मालक उन्हाळ्यातच गेला, तेव्हापासून किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकत होती. आज गाडी दुसऱ्या गावच्या गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची होती.

"काका, बॅटरी जोडली. चढा आता," केबिनमधून मुनीची लेक म्हणाली.

गेलेल्या माणसाला ट्रकवाल्यांच्या लाइनवर सगळे मुनी म्हणत, कारण तो गरजेपुरतंही बोलत नसे. भोंग्याला भोंगा म्हणत, कारण हॉर्न बिघडला तरी त्याचं काही अडत नसे. खरी नावं दोघांच्या परवान्यांवर तेवढी होती, आणि अधू डाव्या डोळ्यापायी भोंग्याचा परवानाही आता राहिला नव्हता. म्हणून गाडी लेक चालवणार होती. ती शहरात सिटीबस चालवायची. बापाचा ट्रक तिनं याआधी अंगणातच काय तो मागेपुढे केला होता.

भोंगा क्लीनरच्या बाजूनं चढला. दार ओढताना हात नेहमीच्या जागी गेला आणि मूठ सापडली नाही. इकडची मूठ पलीकडे होती.

मुनीची बायको, भोंग्याच्या वहिनी, दारात आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. लेकीला म्हणाल्या, "सावकाश जा." भोंग्याला म्हणाल्या, "भाऊजी, चहाला परत या."

गाव मागे पडलं आणि मोठा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा, मध्ये सिमेंटची भिंत. समोरून येणाऱ्या गाड्यांचे नुसते टप दिसत होते.  गप्प बसणं भोंग्याला जमण्यासारखं नव्हतं.

"ह्या भिंतीनं घात केला बघ," तो म्हणाला. "समोरचा दिसतच नाही. आमच्या वेळी समोरून गाडी आली की आधी ड्रायव्हर दिसायचा. हात असा फिरवायचा, म्हणजे काय हालहवाल. पुढे रस्ता खचला असला तर दिवा मारून सांगायचा. कुणाच्या घरी निरोप द्यायचा असला तरी समोरच्याला थांबवायचं. तो पुढच्याला सांगायचा, पुढचा त्याच्या पुढच्याला."

"आता फोन आहे ना."

"आहे की. सगळ्यांकडे आहे. म्हणून कुणाचं कुणाशी काम पडत नाही."

लेक हसली. तिनं आरशात पाहून गाडी डाव्या पट्ट्यात घेतली. गिअर टाकण्याची तिची पद्धत बापाची नव्हती. ती झटकन टाकायची. मुनी गिअर टाकायचा तेव्हा झोपलेल्या मुलाचा हात बाजूला करावा तसा टाकायचा.

टोलनाक्यापुढे पेट्रोलपंपाच्या आवारात बरेच ट्रक ओळीनं उभे होते. प्रत्येक केबिनचे पडदे ओढलेले होते. काचेच्या उपाहारगृहात दोन ड्रायव्हर वेगवेगळ्या टेबलांवर आपापल्या फोनमध्ये मान घालून जेवत होते. भोंग्यानं मान वळवून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिलं.

"तुझ्या बापानं मला एकदा कसा सांभाळला, ते सांगितलं का कधी तुला?"

"बाबा काय सांगणार, काका. ते 'मीठ दे' एवढं बोलले तरी आम्ही चमकायचो."

"मग ऐक," म्हणत भोंग्यानं मांडी घातली.

ही गोष्ट त्यानं शेकडो वेळा सांगितली होती. चहाच्या टपऱ्यांवर, लग्नघरांत, डोळ्याच्या डॉक्टरांनासुद्धा. एका उजाड माळावर त्याच्या गाडीच्या मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. गाडी म्हातारीसारखी एका कुशीवर बसली. माल किमती. सोडून जाता येईना, नि पाटा आणल्याशिवाय हलता येईना. समोरून मुनी आला. रिकामी गाडी घेऊन घराकडे निघालेला. त्यानं बाजूला गाडी घेतली, उतरला, पाट्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता आपल्या गाडीतला स्टोव्ह काढून खाली ठेवला.

"म्हणजे समज काय ते. मुक्काम," भोंगा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मी कुणाच्या तरी गाडीत बसून पाटा बनवायला गेलो. लोहार आजारी. तीन-चार दिवस गेले सगळे मिळून. तुझा बाप माझ्या मालावर राखण बसला. आणि रस्त्यानं जाणारा एकेक जण काही ना काही टाकून जायचा. कुणी कांदे, कुणी पाव, कुणी पाण्याचा डबा. एकानं स्वतःच्या अंगावरची रजई दिली. हाडं फोडणारी थंडी होती. आता पडून बघ रस्त्यात. कोण विचारतं ते बघ."

लेकीनं वेग कमी केला. मग विचारलं, "हे कोणत्या वर्षीचं?"

"मोठा पूल वाहून गेला, त्याच्या पुढच्या थंडीतलं. म्हणून तर त्या माळावरून फिरून जावं लागायचं."

ती समोर पाहत होती. पुढे टँकर होता. तो ओलांडायला जागा होती, तरी ती त्याच्या मागेच राहिली.

"त्या थंडीत मी दवाखान्यात होते," ती म्हणाली. "अपेंडिक्स फुटलं होतं. आईनं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात निरोप ठेवला होता. बाबा आले ते मी उठून बसायला लागल्यावर."

भोंग्यानं मांडी मोडली.

"निरोप मिळाला नसेल."

"मिळाला होता. ते स्वतःच म्हणाले. मिळाला, पण गाडी बिघडली, असं म्हणाले. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. मी लहान होते, पण ते लक्षात आहे."

"मला बोलला नाही," भोंगा म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "एका शब्दानं बोलला असता तर लाथ मारून हाकलला असता मी त्याला."

"म्हणूनच नसतील बोलले."

 पुढचा सगळा रस्ता भोंग्यानं बाहेर बघत काढला.

गिऱ्हाइकाचं आवार गावाबाहेर होतं. पत्र्याच्या शेडखाली चार-पाच गाड्यांचे भाग सुटे करून ठेवले होते. गिऱ्हाईक तरुण होता. त्यानं टायरांवर टिचक्या मारल्या, बॉनेट उघडून बराच वेळ वाकून पाहिलं, इंजिन चालू करून कान दिला.

"एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन असं मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "कोण बघायचं?"

"वडील," लेक म्हणाली.

तिनं किल्ली दिली. परत फिरताना भोंग्यानं मागच्या फळीवर तळहात ठेवला, मग तो खिशात घातला.

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. लेकीनं खिडकी भोंग्याला दिली. अर्धा रस्ता सरल्यावर तो म्हणाला, "वहिनींना सांगायला हवं."

"कशाला, काका? झालं ते झालं. बाबाही गेले."

"मी आयुष्यभर त्या माळाच्या गोष्टी सांगत फिरलो. लोक वा वा म्हणाले. त्याची भरपाई त्या बाईनं केली, आणि तिला ठाऊकसुद्धा नाही."

"तुमचं तुम्ही बघा," लेक म्हणाली. "मी मध्ये पडणार नाही."

ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. वहिनी अंगणात पाटावर बसून, जिथं ट्रक उभा होता तिथले तेलाचे डाग ब्रशनं घासत होत्या. गाडी नसल्यामुळे अंगण एकाएकी मोठं दिसत होतं आणि पलीकडची शेजाऱ्यांची भिंत जवळ आली होती. लेक चहा टाकायला आत गेली.

"नीट गेली ना?" वहिनींनी विचारलं.

"गेली. इंजिनाचं कौतुक केलं त्यानं."

"करणारच."

भोंगा पायरीवर बसला. त्याला वाटलं होतं तसं सांगायला अवघड गेलं नाही. तो सांगत गेला, फक्त नेहमीसारखं हातवारे करून नाही. पाटा तुटला, मुनी थांबला, दिवस गेले. शेवटी म्हणाला, "पोर दवाखान्यात होती तेव्हाचं हे, वहिनी. त्याची गाडी बिघडलीच नव्हती. माझी बिघडली होती."

वहिनींचा ब्रश थांबला नाही.

"बिघडली नव्हती हे ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या.

भोंग्यानं मान वर केली.

"भाऊजी, घरी आले की चहाच्या आधी गाडीखाली शिरायचे ते. त्यांची गाडी कशी बिघडेल? पण वर्षातनं चार वेळा उशीर, आणि चारी वेळा म्हणायचे गाडी बिघडली. आणि हत्यारांच्या पेटीतले पाने मात्र दर वेळी कमी. एकदा जॅक नव्हता, एकदा सुटं चाक. स्वतःची गाडी दुरुस्त करणाऱ्याचं सामान असं कमी होतं का? मला काय कळत नव्हतं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत कधी?"

"त्यांनी बोलायला हवं होतं." वहिनींनी पाण्याचा तांब्या डागावर ओतला. काळपट पाणी उतारानं गटाराकडे निघालं. "कुणासाठी तरी थांबलो, एवढं म्हणायचं. मी काय नको म्हणणार होते? त्यांना वाटलं, ही नको म्हणेल. त्याचा राग होता मला. उशिराचा नव्हता."

लेक कप घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"त्या वेळचं मात्र सांगते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं. "त्या वेळी मी नको म्हटलं असतं. कुणाचीही गाडी असो. तुमची आहे असं कळलं असतं, तरी म्हटलं असतं."

"बरोबर आहे," भोंगा म्हणाला.

लेकीनं कप त्याच्या हातात दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. पलीकडच्या घरात कुणीतरी नळ सोडला. चहा गोड जास्त झाला होता. 

"आणखी काय केलं त्यांनी तिथं?" वहिनींनी विचारलं. "मला कधी काही सांगितलं नाही. बाहेर गेले की गेले. सांगा की."

भोंगा विचार करू लागला. कांदे, पाव, रजई सांगून झालं होतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे. तिच्यात काही रंगत नव्हती, एवढंच.

"पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला," तो म्हणाला, "त्यानं त्याची गाडी चालू केली होती. मी पाट्याखाली आडवा होतो. मला वाटलं, इंजिन गरम ठेवतोय. दिवेसुद्धा लावले होते. गाडीचं तोंड घराकडे, आणि तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होता."

वहिनींनी ब्रश खाली ठेवला.

"किती वेळ?"

"बराच वेळ. मग मीच ओरडलो." त्यानं कप पायरीवर ठेवला. "म्हटलं, अरे मुनी, डिझेल काय फुकट आलंय? बंद कर. केली त्यानं बंद. उतरून आला आणि स्टोव्ह पेटवला."

 वहिनी ओल्या हातांनी पदर सारखा करत उठल्या. डागांचे कडेकडेचे थोडे ठसे अजून उरले होते. त्यांच्याकडे बघत त्या हळूच हसल्या.

"डिझेलला फार जपायचे ते," त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून आत गेल्या.