हाडानं मला धरलं नाही

मी टायटॅनियमचा एक स्क्रू बोलतोय. ज्वारीच्या दाण्याहून थोडा लांब. दात गेलेल्या जागी मला जबड्याच्या हाडात बसवतात. हाड माझ्याभोवती वाढून घट्ट झालं, की माझ्यावर नवा दात चढतो. माणसं मला इम्प्लांट म्हणतात.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. डॉक्टर लीलाधर मुंबईला हे काम शिकले आणि मला घेऊन जळगावला परतले. त्यांच्या काचेच्या कपाटात, बंद कुपीत मी पडून होतो.

ऐन फाल्गुनात चोपड्याहून वाल्मीकभाऊ आले. सोबत बायको नर्मदाबाई. भाऊ बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. वरचा समोरचा दात मुळाशी सडला होता, हिरडीत पू झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "दात आज काढू. पण जखम भरू द्या, आत हाड येऊ द्या. स्क्रू पावसाळ्यानंतर बसवू."

"लगनसराई तोंडवर उनी शे, साहेब," भाऊ म्हणाले. "क्लॅरनेट वरना दातवर टेकस. दात नही, तं सूर नही."

डॉक्टरांच्या हातात नवी विद्या होती आणि समोर माणूस हात जोडून बसला होता. त्यांनी दात काढला, जखम धुतली आणि त्याच बैठकीत मला आत बसवलं. वरून हिरडी शिवली. दिसायला एक काढता-घालता दात दिला.

"तुमचे काही महिने वाचतील, दिवाळीनंतरच्या लग्नांत वाजवता येईल. पण पावसाळ्यापर्यंत क्लॅरनेट तोंडाला लावायची नाही."

भाऊंनी मान हलवली.

आत अंधार होता. भोवती नुसती ओली जखम. माझं टोक तेवढं हाडाला टेकलेलं. तरी मला वाटलं, जमेल. नर्मदाबाईंनी क्लॅरनेट माळ्यावर ठेवून दिली होती. भाऊ घरीच बसून असत. रस्त्यानं वरात गेली, की दात आवळत. मला ते कळायचं.

मग एका संध्याकाळी बँडमास्तर आधार दारात आले. "भाऊ, यावलनं लगन शे. एकच गाणं वाजाड."

"डॉक्टरनी नही सांगेल शे," नर्मदाबाई म्हणाल्या.

"एक गाणामा काय व्हई जाई?" म्हणत भाऊंनीच माळ्यावर हात घातला.

एक गाणं कसलं, सगळी वरात वाजवली. लोक थांबू देईनात, आणि त्यांनाही थांबायचं नव्हतं. इतके दिवस कोंडलेला माणूस मोकळा झाला होता. काढता-घालता दात हिरडीवर दाबला जायचा आणि प्रत्येक फुंकीबरोबर मी हलत होतो. हाडाला धरायला सवडच मिळाली नाही.

पुढे हिरडी सुजली, पुवानं आतलं हाड खाल्लं. डॉक्टरांनी मला नुसत्या दोन बोटांनी उचलून बाहेर काढलं.

"मी थांबायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुमी सांगेल व्हतं, साहेब. मीच नही ऐकं," भाऊ म्हणाले. मग हळूच विचारलं, "आते परत बसाडशात?"

"तिथं धरायला हाडच उरलं नाही, भाऊ."

नर्मदाबाईंनी तोंडाला पदर लावला. भाऊ मात्र क्लॅरनेट धरल्यासारखी वाकवलेली दोन्ही हातांची बोटं बघत बसले.

तारेचा दात लावून त्यांनी वाजवून पाहिलं. हिरडी खचल्यानं तो डुगडुगायचा, सूर चिरकायचा. मग त्याच बँडमध्ये ते खुळखुळा वाजवू लागले.

मी डॉक्टरांच्या खणात असतो. पुढच्या लगनसराईत घाईला आलेल्या एका पेशंटला ते मला तळहातावर घेऊन दाखवत होते, तेवढ्यात खालून वरात गेली. डॉक्टर खिडकीशी गेले. क्लॅरनेट दुसराच कुणी वाजवत होता. बाजूला वाल्मीकभाऊ ओठ मिटून चालले होते.

तुमचा दात गेला, तर जखमेला तिचा वेळ द्या. मलाही माणसाच्या अंगातच राहायचं होतं.