टकटक आणि तीन रेघा

छापखान्याच्या मागल्या खोलीत वहिनी आणि भावजी सत्तावीस वर्षं समोरासमोर बसून नुसते रोग वाचत होते, आणि तरी दोघांना साधं पडसं कधी शिवलं नाही. इंग्रजी वैद्यकीय कोशाची मूळ प्रत भावजी मोठ्यानं वाचत. वहिनी लाल पेन घेऊन मुद्रितं तपासत. मोठं अक्षर, म्हणजे कॅपिटल, आलं की भावजींनी बोटाच्या पेरानं मेजावर टक् करायचं. छापलेलं अक्षर लहान दिसलं तर वहिनींनी त्याच्याखाली तीन रेघा मारायच्या, म्हणजे छापताना ते मोठं व्हायचं.

नियम सरळ होता. शोधणाऱ्या डॉक्टरचं नाव रोगाला असेल, तर त्या नावाला मोठं अक्षर. बाकी खरूज, उचकी, मुतखडा ही सगळी लहान अक्षरांची गरीब प्रजा.

यंदा भावजींचा उजवा हात आपल्या मनानं चालू लागला. खरूज आली, टक्. उचकी आली, टक् टक्.

"वहिनी, हात जरा आगाऊपणा करतोय."

"करू दे की. जन्मात तुम्ही तरी कधी केलात?"

पावलांवरून घरचं माणूस ओळखावं तशी खरी टक् वहिनींना कळायची. खोटीकडे त्या काणाडोळा करीत.

पण भिंतीपलीकडचा यंत्रवाला मालकाच्या कानाला लागला. मालक खुर्ची घेऊनच आला.

"थरथरत्या हाताचा माणूस इथं नको. प्रत्येक टक् मागं लाल रेघा दिसल्या पाहिजेत. एक जरी टक् फुकट गेली, तर हे उद्यापासून घरी."

घरी भावजींशी बोलायला एक भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि तेही बंद.

मालकाला नियम ठाऊक नव्हता. कान मात्र तिखट होते. वहिनींनी पेनाचं टोपण काढलं. टक्, खरूज मोठी झाली. टक्, उचकी मोठी झाली. नायटा, चामखीळ, घामोळं, कुरूप, दुपारपर्यंत सगळ्यांना बढती मिळाली. वहिनींच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मग ते पान आलं. हात थरथरण्याचा आजार, शोधणाऱ्या डॉक्टरच्या नावाचा. इथं टक् हक्काची होती. भावजींनी हात मांडीखाली दाबला आणि बाजाराची यादी वाचावी तसं ते नाव वाचलं.

वहिनींनी मान वर केली. मग नावाच्या मोठ्या अक्षरावर तिरकी रेघ मारून त्याला लहान केलं.

"हे काय?" मालक म्हणाला.

"हा काही एवढा मोठा नाही," वहिनी म्हणाल्या. "वाचा पुढं, भावजी."

एकही टक् फुकट गेली नाही, असा निर्वाळा देऊन मालक खुर्चीसकट गेला.

कोश छापून बाहेर पडला आणि गावाची तऱ्हाच बदलली. नायटेवाले मान ताठ करून चालू लागले. एका कारकुनानं उचकीसाठी पंधरा दिवसांची रजा मागितली आणि ती मंजूर झाली. चामखीळ झालेल्या एका आजोबांना भेटायला तर पाहुण्यांची रीघ लागली. आजोबांनी ती काढून घ्यायला साफ नकार दिला.

तक्रार आली ती एकच, एका नामांकित डॉक्टरची. ग्रंथ निर्दोष आहे, फक्त थरथरीच्या आजाराचं नाव चुकून लहान पडलं आहे, तेवढं सुधारावं.

वहिनींनी पत्र वाचलं, त्याच्या चार घड्या केल्या आणि ते भावजींच्या उजव्या हाताखाली सरकवलं.

तेव्हापासून टक् जरा मऊ वाजते. यंत्रवाल्याला ऐकूच जात नाही.